अंतराची किंमत कोणी मोजावी?

टपालाचा दर ही वरवर पाहता हिशेबाची बाब आहे. पत्र पोचवायला जेवढा खर्च येतो तेवढा पत्र धाडणाऱ्याने द्यावा, असे म्हटले की विषय मिटल्यासारखा वाटतो. पण जगातल्या बहुतेक देशांची टपालव्यवस्था या नियमावर उभी नाही. गिरगावातून दादरला टाकलेल्या पोस्टकार्डाला ५० पैसे पडतात आणि गिरगावातून गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला टाकलेल्या पोस्टकार्डालाही ५० पैसेच पडतात. दोन्हींचा खर्च सारखा नाही, हे कुणालाही कळते. तरीही दर सारखा ठेवला जातो, कारण त्यामागे न्यायाची एक कल्पना आहे. टपालखात्याची तूट वाढते आणि दरवाढीची चर्चा सुरू होते, तेव्हा कसोटी या कल्पनेचीच लागते. आडगावात राहणाऱ्या माणसाचे अंतर त्याचे त्याने निस्तरायचे, की सगळ्यांनी मिळून वाहायचे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या प्रश्नाचे उत्तर एकच होते: ज्याचे अंतर त्याच्या माथी. इंग्लंडमध्ये दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागत. गरीब माणूस दारात आलेले पत्र परत पाठवी, किंवा पाकिटावरच्या खुणांवरून मजकूर ओळखून पत्र नाकारी. हिंदुस्थानात १८३७च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया आणि आग्र्याला बारा आणे पडत. त्या काळच्या मजुराला हा दर परवडणे शक्यच नव्हते. टपाल होते ते सरकारी अंमलदारांसाठी आणि पेढीवाल्यांसाठी.

रोलंड हिल यांनी १८३७ साली आपली पुस्तिका काढली ती या दरपद्धतीविरुद्ध. त्यांचा युक्तिवाद दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग येतो, असे त्यांनी आकडेमोड करून दाखवले. खरा खर्च प्रवासाचा नव्हताच. तो दोन टोकांना होता: पत्र घेणे, दर लावणे, छाटणे, वाटणे आणि दारोदार पैसे गोळा करणे. अंतराने खर्चात फरकच पडत नसेल तर दरात फरक कशासाठी? १८४० साली ब्रिटनमध्ये एक पेनीचा सरसकट दर आणि आगाऊ चिकटवायचे तिकीट आले, ते या तर्कातून.

हिल यांच्या मूळ योजनेतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि या प्रश्नाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सरसकट दर त्यांनी सुचवला होता तो मुख्य टपालगावांपुरता. तिथून पुढे खेड्यापर्यंत पत्र नेण्याचा खर्च वेगळा असतो, तेव्हा तो खेड्याने वेगळा द्यावा, असे त्यांचे मूळ म्हणणे होते. म्हणजे त्यांचा हिशेब शहराच्या वेशीपर्यंत बरोबर होता आणि वेशीबाहेर त्यांनाही जुनाच नियम लावावासा वाटला. ब्रिटनमध्ये प्रत्येक घरापर्यंत जादा आकार न घेता बटवडा करण्याचे धोरण जाहीर झाले ते १८९७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवात. मधल्या साठ वर्षांत जे घडले त्याला अंकगणिताचा आधार नव्हता. खेड्यातल्या माणसालाही शहरातल्याइतकाच हक्क आहे, हा तो निर्णय होता. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ साली हिल यांच्या योजनेवर चिकित्सक निबंध लिहिला. सरसकट दर खर्चाच्या तत्त्वातून आपोआप निघत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही. पण दर खर्चातून निघत नाही एवढ्यावरून तो अन्याय्य ठरत नाही. त्याचे समर्थन दुसरीकडे शोधावे लागते, एवढेच.

हिंदुस्थानात तर हिल यांचा हिशेब पहिल्या दिवसापासूनच लागू नव्हता. १८५० साली बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या प्रतिनिधींचे कमिशन नेमले गेले. त्याच्या शिफारशींनंतर १ ऑक्टोबर १८५४पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अंतर न पाहता अर्धा आणा असा दर आला. त्या वेळी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. टपालाची थैली हरकाऱ्याच्या खांद्यावरून, बैलगाडीतून, नावेतून जाई. इथे अंतराचा खर्च नगण्य नव्हता, तो पावलापावलाने वाढत होता. कंपनी सरकारला हे राज्य चालवायचे होते आणि स्वस्त टपालात त्याचा स्वार्थ होता, हे खरे आहे. पण नियम एकदा सरसकट झाला की तो ज्याच्या हाती पत्र असेल त्याचा होतो. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० साली मनीऑर्डर. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी माणसाची चूल गावाकडे पेटत होती ती या दोन कागदांच्या भरवशावर. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो, हे वाक्य पुढे कित्येक दशके मराठीत सहज बोलले गेले. पाव आण्याचा दर १९२२पर्यंत टिकला. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत तो एकदम दुप्पट झाला.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक देवाणघेवाणीचा: जेवढे घेतले तेवढे द्यावे, समोरचा कोण आहे हे पाहू नये. दुसरा वाटपाचा: जे सर्वांचे आहे ते कोणाला किती द्यायचे ते ठरवावे. टपालाचा सगळा घोळ असा, की ते या दोन्ही न्यायांच्या मधोमध उभे आहे. तिकीट विकत घेतले जाते, तेव्हा तो व्यवहार आहे. पण टपालाचे जाळे विकत घेता येत नाही. ते आधी असावे लागते, सर्वांसाठी असावे लागते, आणि त्याची किंमत त्यावर जोडलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यात आहे. भामरागडला पोस्ट नसेल तर नुकसान फक्त भामरागडचे होत नाही. तिथल्या माणसाला पत्र धाडू पाहणाऱ्या पुण्यातल्या माणसाचेही होते. ॲडम स्मिथने अठराव्या शतकात टपालाची गणना सरकारांनी यशस्वीपणे चालवलेल्या मोजक्या धंद्यांत केली, आणि त्यातून राजाला नफाही मिळतो असे नोंदवले. त्या काळचे टपाल फक्त फायद्याच्या वाटांवर धावत होते, म्हणून ते शक्य होते.

समान दराचे नैतिक समर्थन शोधताना बायबलमधली द्राक्षमळ्याची गोष्ट उपयोगी पडते. मळ्याचा मालक सकाळी काही मजूर लावतो, काही दुपारी, काही दिवस मावळायच्या सुमाराला, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो की ठरले ते तुम्हाला मिळाले, शेवटच्याला मी जास्त दिले तर तुमचे काय गेले? जॉन रस्किनने याच गोष्टीवरून आपल्या पुस्तकाचे नाव ‘अनटू धिस लास्ट’ ठेवले. गांधीजींनी ते १९०४ साली जोहान्सबर्ग ते दरबान प्रवासात वाचले, आणि १९०८ साली त्याचे गुजराती रूपांतर ‘सर्वोदय’ या नावाने केले. शेवटच्या माणसाला पुरेसे मिळणे ही न्यायाची पहिली अट, हा विचार भारतीय सार्वजनिक जीवनात मुख्यतः या वाटेने आला. टपालाचा समान दर त्याचेच एक रूप आहे.

पण ही गोष्ट नीट वाचली तर तिच्यात एक अटही आहे. मळ्याच्या मालकाने शेवटच्या मजुराला जे जास्त दिले ते स्वतःच्या खिशातून दिले, सकाळच्या मजुराच्या मजुरीतून कापून दिले नाही. टपालखात्यात मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ काही प्रमाणात नेमके तेच होत आले. शहरातल्या दाट वस्तीतल्या पत्रांवर उरलेल्या पैशातून खेड्यातल्या पत्रांची तूट भरून निघे. शहरातल्या पत्र धाडणाऱ्याला हे कुणी विचारले नव्हते. ही व्यवस्था टिकली ती एका कायद्यामुळे. १८९८च्या भारतीय पोस्ट ऑफिस कायद्याने पत्रे वाहण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता. खासगी माणसाला फायद्याची वाट तेवढी उचलता येत नव्हती. कुरिअरवाल्यांनी पत्राला ‘डॉक्युमेंट’ म्हणत हा बांध केव्हाच ओलांडला होता. २०२३च्या पोस्ट ऑफिस कायद्यात तो एकाधिकार उरलाच नाही, आणि जून २०२४मध्ये हा कायदा लागू झाला.

याचा परिणाम तर्काने अटळ आहे. फायद्याच्या वाटेवर कुणालाही येता येत असेल, तर त्या वाटेवरचा फायदा खेड्यासाठी शिल्लक राहत नाही. मग खेड्याच्या पत्राचा उरलेला खर्च तीनच ठिकाणांहून येऊ शकतो: खेड्यातल्या माणसाकडून चढ्या दराने, सरकारी तिजोरीतून, किंवा टपालखात्यात काम करणाऱ्यांच्या अंगमेहनतीतून. चौथी वाट नाही.

हा खर्च म्हणजे काय, हे एका पोस्टकार्डाबरोबर चालत गेले की कळते. खेड्यातले शाखा डाकघर पुष्कळदा शाखा पोस्टमास्तरच्या स्वतःच्या पडवीत किंवा भाड्याच्या खोलीत असते. एक टेबल, वजनकाटा, शाईची गादी, रोज तारखेचे खिळे बदलायचा शिक्का आणि कॅनव्हासची थैली. पेटीतून कार्ड काढायचे, तिकिटावर शिक्का मारायचा, थैलीत घालायचे, थैली बांधून उपडाकघराला रवाना करायची. तिथे ती फुटते, कार्ड छाटले जाते, पुन्हा थैलीत जाते आणि मेल मोटरने रेल्वेच्या छाटणी केंद्रावर पोचते. तिथे पिनकोड पाहून त्याची दिशा ठरते. हा सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे नामवंत कवी होते. देशातल्या कुठल्याही वाडीला राजधानीइतकेच नेमके सहा आकडे देणारी ती रचना समान दराच्या कल्पनेला साजेशीच होती. छाटणी केंद्रावरून पुढे हीच सगळी क्रिया उलट्या क्रमाने होते आणि शेवटी कुणीतरी सायकलवरून किंवा पायी वाडीवर जाऊन कार्ड हातात देतो. इतके हात लागल्यावर त्याचा खर्च गेल्या दशकात खात्याच्याच हिशेबाने सात रुपयांच्या वर गेला होता. मिळतात ५० पैसे, आणि हा दर दोन दशकांहून अधिक काळ तसाच आहे.

या आकड्यात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. वाडीवर जाणाऱ्या पोस्टमनच्या थैलीत पन्नास कार्डे असोत की पाच, फेरीचा खर्च तोच. लोक पत्रे लिहीनासे झाले की दर कार्डामागचा खर्च आपोआप वाढतो, कुणीही कामात कुचराई केलेली नसतानाही. अशा वेळी दर वाढवला तर उरलेल्यांपैकीही काही लिहायचे थांबतात आणि खर्च आणखी वाढतो. म्हणून दरवाढीने तूट भरून काढण्याचा मार्ग एका मर्यादेनंतर स्वतःलाच खातो. भारतीय टपालखात्याची तूट २०१८-१९ साली सुमारे १५ हजार कोटी रुपये होती. खर्चाचा फार मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतनाचा, आणि उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग बचत बँकेच्या कामाबद्दल अर्थ मंत्रालयाकडून मिळणाऱ्या मोबदल्याचा. पोस्टकार्ड दहापट महाग केले तरी एवढ्या तुटीला त्याने धक्का लागणार नाही, इतका पत्रांचा वाटा आता लहान झाला आहे.

स्वस्त दर म्हणजे न्याय, असेही मानून चालत नाही. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांची उत्तरे लोक पोस्टकार्डावर पाठवू लागले, तेव्हा गरिबासाठी ठेवलेल्या सवलतीचा फायदा कंपन्यांच्या जाहिरातबाजीला होऊ लागला. खात्याने त्यासाठी वेगळे १० रुपयांचे स्पर्धा पोस्टकार्ड काढले, ते योग्यच होते. उलट नोंदणीकृत नियतकालिकांच्या ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकाला ठेवलेला २५ पैशांचा दर हा खऱ्या अर्थाने सार्वजनिक हिताचा आहे. जिल्ह्याच्या गावी छापले जाणारे मराठी साप्ताहिक किंवा वर्गणीदारांवर चालणारे वैचारिक मासिक वाचकाच्या घरी पोचते ते त्याच्या बळावर. सवलत कोणासाठी आहे हे पाहिल्याशिवाय ती न्याय्य की अन्याय्य ते ठरत नाही. विम्याची पत्रके लाखांनी धाडणाऱ्या कंपनीला आणि आजारी भावाला कार्ड टाकणाऱ्या म्हातारीला एकाच मापाने मोजण्यात समता नाही.

ऑक्टोबर २०२५मध्ये स्पीड पोस्टचे दर वाढले. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला शहरातल्या शहरात १९ रुपये आणि बाहेर देशभर कुठेही ४७ रुपये. त्याहून जड पाकिटाचे दर मात्र अंतराच्या टप्प्यांनी चढत जातात, ५१ ते २५० ग्रॅमला २०० किलोमीटरच्या आत ५९ आणि २,००० किलोमीटरपलीकडे ७७ रुपये. त्याच सुमाराला रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. न्यायालयाची नोटीस, नेमणुकीचे पत्र, जमिनीच्या तंट्याचा कागद ज्या सेवेने पोच घेऊन जात असे, ती आता जलद सेवेचा भाग झाली आहे. ज्याला घाई नाही पण खात्री हवी आहे, अशा माणसासाठी वेगळा, संथ आणि स्वस्त पर्याय उरला नाही. दर किती रुपयांनी वाढला यापेक्षा हा बदल जास्त गंभीर मानायला हवा. दर कोण ठरवतो हेही बदलले आहे. जुन्या कायद्यात पत्राच्या दराची कमाल मर्यादा कायद्याच्या परिशिष्टात होती, ती वाढवायची तर संसदेत जावे लागे. पोस्टकार्डाच्या दरवाढीवर खासदार भांडत, ते त्यामुळेच. नव्या कायद्याने आकार ठरवण्याचा अधिकार टपालखात्याच्या महासंचालकांकडे दिला. वाटपाच्या न्यायाचा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या हातून निघून व्यवस्थापनाच्या टेबलावर गेला, असा याचा सरळ अर्थ होतो.

तिसऱ्या वाटेचा, म्हणजे अंगमेहनतीतून भरल्या जाणाऱ्या तुटीचा, उल्लेख फार कमी होतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३ हजारांहून थोडी अधिक डाकघरे होती, आज ती दीड लाखाच्या वर आहेत आणि दहांतली नऊ ग्रामीण भागात. ही उभी आहेत ती मुख्यतः अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाकसेवकांवर. कागदोपत्री त्यांचे काम चार-पाच तासांचे. त्यांना पगार नव्हे, भत्ता मिळतो. नोकरीत घेतानाच उपजीविकेचे दुसरे साधन असल्याची अपेक्षा असते, आणि शाखा पोस्टमास्तरला पोस्टासाठी जागाही स्वतः द्यावी लागते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरी पदाचे धारक मानले, तरी नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन त्यांना आजही नाही. खेड्याला स्वस्त टपाल मिळते ते बऱ्याच अंशी खेड्यातल्याच एका माणसाला कमी मोबदला देऊन. द्राक्षमळ्याच्या गोष्टीतला मालक इथे शेवटच्या मजुराच्याच मजुरीतून दानशूर होतो आहे. सगळ्या तुटीत हा भाग नैतिकदृष्ट्या सर्वांत असमर्थनीय आहे आणि ताळेबंदात तो दिसतच नाही.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाला, म्हणजे समाज एकत्र धरून ठेवणाऱ्या कर्माला, मध्यवर्ती स्थान दिले. टपाल हे या अर्थाने लोकसंग्रहाचे काम आहे, असे म्हणता येते. पण फळाची आशा न ठेवणे म्हणजे हिशेब न ठेवणे नव्हे. लोकसंग्रहाच्या नावाखाली उधळपट्टी खपवून घेता येणार नाही. म्हणून टपालखात्याची तूट एक आकडा म्हणून सांगणे चुकीचे आहे, तिचे निदान दोन भाग करायला हवेत. एक भाग कर्तव्याचा: भामरागडला, लाहौल-स्पीतीला, अंदमानातल्या बेटांवर सेवा ठेवण्याचा आणि ती ठेवणाऱ्या माणसाला रास्त मोबदला देण्याचा. दुसरा भाग गैरव्यवस्थेचा आणि कालबाह्य कामाचा. पहिला भाग समाजाचे देणे आहे. संविधानाच्या ३८व्या अनुच्छेदाने निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या लोकांमधली सोयीसुविधांची विषमता दूर करण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, त्यामुळे हे देणे उघडपणे, अर्थसंकल्पात वेगळी रक्कम दाखवून फेडले पाहिजे. दुसऱ्या भागासाठी खात्याला जाब विचारला पाहिजे, आणि त्याचे ओझे तिकिटावर टाकता कामा नये.

हे देणे अमान्य करायचे तर पुढे काय येते, ते डेन्मार्कने दाखवले आहे. तिथे २००० सालापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. सर्वांना पत्रसेवा देण्याचे कायदेशीर बंधन काढून घेतले गेले, साध्या पत्राला २९ क्रोनर पडू लागले, आणि चारशे वर्षांची परंपरा असलेल्या सरकारी टपालाने २०२५च्या अखेरीस पत्रांचा बटवडा थांबवला. तिथली बहुतेक सगळी माणसे सरकारी कामकाज संगणकावर करतात, तरीही वृद्ध आणि अपंग नागरिकांच्या संघटनांनी या निर्णयाबद्दल चिंता व्यक्त केली. भारतात अजून कोट्यवधी माणसांना बँकेचे कार्ड, आधारचा कागद, न्यायालयाचे समन्स आणि परीक्षेचे प्रवेशपत्र पोस्टमनच्या हातूनच मिळते, आणि निवृत्तिवेतनाची रक्कम घरी आणून देणाराही पुष्कळ ठिकाणी तोच असतो. पत्रांची संख्या इथेही घटते आहे. जी उरतील ती मुख्यतः ज्यांना दुसरा मार्ग नाही अशांची असतील, आणि त्यांचा दर ठरवताना मोजायचा खर्च एका कार्डाचा नसून वाडीपर्यंतच्या फेरीचा असेल.